कान मिटा, घरं मोजा: हव्या त्या अक्षरांचा इंग्रजी शब्द शोधायचा कसा

आमची आत्या रोज सकाळच्या चहाबरोबर पेपरातलं मराठी शब्दकोडं सोडवते, आणि तेही पेनानं. पेन्सिलवाले तिच्या लेखी लिंबूटिंबू. मध्यंतरी मी तिच्या मोबाइलवर वर्डल उघडून दिलं, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा अंदाजांत ओळखायचा खेळ. पाच रिकामी घरं बघून तिनं विचारलं, "काय भरू?"

"आत्या, क्रेन टाक."

"अरे, क्रेन दोन अक्षरांचा. उरलेल्या तीन घरांत काय, डिझेल भरू?"

आत्याचं काही चुकलं नव्हतं. मराठी कोड्यात 'क्रे' अख्खा एका घरात मावतो. जोडाक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, सगळं बिऱ्हाड एकाच खोलीत. इंग्रजीत मात्र ज्याला त्याला स्वतंत्र खोली लागते: सी, आर, ए, एन, ई. रांग या अर्थाचा क्यू घ्या. कानाला ते एकच अक्षर, कागदावर मात्र क्यू-यू-ई-यू-ई अशी पाच, आणि त्यातले चार स्वर. उलट स्ट्रेंग्थमध्ये आठ अक्षरं आणि स्वर फक्त एक.

नवशिक्याची सगळी अडचण इथेच आहे. शब्द आपल्याला आठवतो कानानं आणि कोडं मागतं डोळ्यानं. 'पाच अक्षरी, ज्यात एल आणि आर आहे असा शब्द सांग' म्हटलं की आपण मनातल्या मनात एकेक शब्द उच्चारतो आणि बोटांवर मोजत बसतो. ती सवय मोडायची. खाली सांगतोय ते वर्डल, इंग्रजी शब्दकोडं आणि स्क्रॅबल या तिन्हीला चालतं. इथून पुढे अक्षर म्हणजे इंग्रजी लेटर, हे एवढं धरून चला.

आधी विचारलंय काय ते बघा

शब्दकोड्यात लांबी ठरलेली असते आणि आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदामुळे काही घरं भरलेली असतात. म्हणजे जागा पक्की, अक्षरही पक्कं. वर्डलमध्ये अर्धवट माहिती मिळते: हे अक्षर इथेच आहे (घर हिरवं होतं), ते आहे पण दुसरीकडे (पिवळं), आणि ते तिसरं नाहीच (करडं). स्क्रॅबलमध्ये हातात अक्षरांचे सात ठोकळे असतात, त्यांचा क्रम तुम्ही लावायचा, आणि लांबीही तुमची तुम्हीच ठरवायची. तिन्ही ठिकाणी शब्द शोधण्याची रीत वेगळी आहे. वर्डल खेळताना शब्दकोड्यासारखा विचार केला की माणूस अडकतो.

एक कागद घ्या

मोबाइलवर खेळत असलात तरी सुरुवातीला कागद घ्याच. जितकी अक्षरं तितक्या आडव्या रेघा मारा. पक्की अक्षरं रेघेवर लिहा. 'आहे, पण जागा ठाऊक नाही' अशी अक्षरं वर लिहा, आणि प्रत्येकाखाली ते कुठल्या घरात नाही तो आकडा टाका. बाद झालेली अक्षरं खाली एका ओळीत लिहून त्यांच्यावर काट मारा.

ही खालची ओळ सगळ्यात महत्त्वाची. नवा माणूस सापडलेल्या अक्षरांवर खूश असतो आणि बाद झालेलं अक्षर तिसऱ्या डावात पुन्हा वापरतो. मीही कितीदा केलंय हे. सहापैकी एक संधी फुकट जाते आणि नवं काहीच कळत नाही.

कोणती अक्षरं आधी चाचपायची

आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला आर्किटेक्ट. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम सुटलं, तेव्हा त्यानं वर्तमानपत्राच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजायला घेतलं. त्या मोजणीतूनच पुढे स्क्रॅबलचे ठोकळे ठरले. खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळालं १९४८ मध्ये. शंभर ठोकळ्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ. एन, आर, टी प्रत्येकी सहा. के, जे, एक्स, क्यू, झेड मात्र एकेकच. एस मुद्दाम चारच ठेवला, नाहीतर जो तो अनेकवचनं करून गुण लाटत बसला असता. स्क्रॅबल कधी खेळणार नसाल तरी हे प्रमाण डोक्यात ठेवण्यासारखं आहे. कुठलं अक्षर असण्याची शक्यता किती, याचा तो तयार तक्ता आहे.

एक बारीक फरक लक्षात ठेवा. चालू मजकुरात टी आणि एच फार दिसतात, कारण 'द', 'दॅट', 'धिस' हे शब्द दर ओळीला येतात. कोडं मात्र शब्दकोशातून निघतं. शब्दकोशातले शब्द एकेकदाच मोजले तर क्रम साधारण असा लागतो: ई, ए, आर, आय, ओ, टी, एन, एस, एल, सी. पहिला अंदाज या दहांतूनच बांधावा.

वर्डलमध्ये अनेकांना ऑडिओ किंवा अदियू टाकायची हौस असते, कारण पाचात चार स्वर तपासून होतात. मला ते पटत नाही. स्वर सापडतातच हो, पाचपैकी एक-दोन कुठेतरी असणारच. शब्द एकमेकांपासून वेगळे होतात ते व्यंजनांमुळे. दोन स्वर आणि तीन चालती व्यंजनं असलेला शब्द बरा: क्रेन, स्लेट, ट्रेस. वर्डलचे डाव तपासणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सच्या वर्डलबॉट या प्रोग्रामनं सुरुवातीला क्रेनलाच पहिला नंबर दिला होता, नंतर स्लेटला.

अक्षरं जोडीनं चालतात

हा भाग सावकाश वाचा, कारण खरं कौशल्य इथे आहे. एकेक अक्षर फिरवत बसलात तर पाच घरांच्या शक्यता कोटीच्या वर जातात. पण इंग्रजी अक्षरं मन मानेल तशी शेजार करत नाहीत.

समजा दुसऱ्या घरात एच आहे. मग पहिल्या घरात काय येईल? बहुतेक वेळा एस, सी, टी, डब्ल्यू किंवा पी. शार्प, चेअर, थिंक, व्हेल, फोन. कधीतरी जी किंवा आर: घोस्ट, ऱ्हाइम. आणि बी, डी, के आला की शब्द आपल्याकडून गेलेला असण्याची दाट शक्यता: भांग, धोबी, खाकी. सव्वीस अक्षरांवरून आपण दहावर आलो, तेही शब्दाचा अर्थ माहीत नसताना.

दुसऱ्या घरात एल असेल तर आधी बी, सी, एफ, जी, पी, एस, नाहीतर स्वर. आर असेल तर यात टी, डी आणि डब्ल्यू वाढवा आणि एस काढून टाका, कारण एस आणि आर खेटून सुरू होणारा शब्द इंग्रजीत सहसा नाही. एस-आर-आय असा लिहिलेला श्री सोडून द्या, तो आपला पाहुणा.

शेवटाचंही तसंच. पाच अक्षरी शब्दाच्या शेवटी सीएच, एसएच, टीएच, सीके, एनटी, एसटी, एनजी, ईआर, एलवाय, टीवाय या जोड्या वारंवार येतात. लांब शब्द असेल तर शेवटची तीन-चार घरं आधी भरून बघा: आयएनजी, टीआयओएन, एमईएनटी, एनईएसएस, एबीएलई. नऊ अक्षरी शब्दाच्या शेवटी टीआयओएन बसला की उरलं पाच अक्षरांचं काम.

व्हीची गंमत वेगळी. इंग्रजी शब्द व्हीवर सहसा संपत नाही. उच्चार 'व्ह'वर संपला तरी मागे ई चिकटवतात: नर्व्ह, सॉल्व्ह, कर्व्ह. म्हणून पाच घरांपैकी चौथ्यात व्ही दिसला तर पाचव्यात डोळे मिटून ई लावून बघा. नाही बसला तर वाय, हेवीसारखा.

जेवर संपणारे शब्दही दुर्मीळ, आणि जे आहेत ते बहुतेक बाहेरून आलेले. राज, ताज आणि स्वराज हे तिन्ही इंग्रजी शब्दयाद्यांत आहेत. शेवटी आय असला तरी परका शब्द शोधा: टॅक्सी, सफारी, लाठी, साडी, योगी. साडीचं स्पेलिंग तिथे एस-ए-आर-आय असं चार अक्षरांचं आहे.

कान अगदीच टाकाऊ नाही, पण त्याची उलटतपासणी घ्या

एखादा शब्द सुचला आणि घरांत बसत नाही असं झालं, तर शब्द सोडण्याआधी स्पेलिंग हलवून बघा. आपल्या कानाला ऐकू येणारा 'ई' कागदावर ईई असू शकतो, ईए, आयई किंवा ईआयही. क्वीन, पीस, चीफ, सीझ या चारांत तो चार तऱ्हांनी लिहिला जातो. 'फ' म्हटलं की एफ, पीएच आणि शेवटी असेल तर जीएच: रफ, टफ, लाफ. 'क' तर सी, के, सीके, सीएच, क्यू असा कुठूनही निघतो. 'र'वर संपणारा शब्द ईआर, ओआर किंवा एआर: टायगर, ॲक्टर, सोलर.

आणि जी अक्षरं ऐकूच येत नाहीत त्यांचं काय? नाइफचा के, राँगचा डब्ल्यू, नोमचा जी, सामचे पी आणि एल, आइलचा एस. पहिल्या घरात के आणि दुसऱ्यात एन दिसले की नवा माणूस म्हणतो, 'केएननं काय सुरू होणार?' कान बंद असला की उत्तर सोपं आहे: नॉक, नील, नोल, नोन. सगळे पाच अक्षरी, सगळे के-एननं सुरू होणारे.

आणखी एक खड्डा अमेरिकन स्पेलिंगचा. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो. आपला कलर सहा अक्षरांचा, अमेरिकेतला पाचांचा, कारण तिथे यू नाही. फेवर, ह्यूमर, लेबर यांचंही तेच. वर्डल अमेरिकन वळणाचं आहे, त्यामुळे हे शब्द तिथे पाच घरांत बसतात. ब्रिटिश कोड्यात मात्र सहा घरं लागतील.

एक उदाहरण, सगळं उलगडून

पाच अक्षरी शब्द, त्यात एल, ए आणि आर आहेत. जागा माहीत नाहीत. आठवत बसू नका, साचे मांडा.

एल आणि आर शब्दाच्या सुरुवातीला एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणजे बहुतेक वेळा एक पुढे, एक मागे. आर पुढच्या जोडीत आणि एल शेवटी असं धरा: ट्रेल, फ्रेल, ग्रेल. मग ए आणि एलच्या मध्ये डब्ल्यू घालून बघा: ब्रॉल, क्रॉल, ड्रॉल, ट्रॉल. शेवटी ए-एल ठेवून आर मध्ये: मोरल, कोरल, रुरल. आता उलटं करा, एल पुढे आणि आर शेवटी: क्लिअर, फ्लेअर, लूनर, सोलर, पोलर, मोलर. शेवटी ई लावा: ग्लेअर, ब्लेअर, लार्ज. ए-एलनं सुरू करा: अलार्म, अलर्ट, ऑल्टर, म्हणजे चर्चमधली वेदी. एल आणि आर चिकटले तर आर आधी आणि एल नंतर, तेही शेवटाकडे: पर्ल, अर्ली.

वीसहून जास्त शब्द झाले, आणि त्यातला एकही 'आठवला' नाही. साचा मांडला की शब्द आपोआप येऊन बसतो.

वर्डल: सापडलं म्हणता म्हणता हरण्याचा खेळ

जॉश वॉर्डल या वेल्समध्ये वाढलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरनं हा खेळ आपल्या जोडीदारासाठी बनवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीला न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. खेळणाऱ्याला उपयोगाची बाब अशी की मूळ खेळात अंदाज म्हणून जवळपास १३ हजार शब्द चालत, पण उत्तरांची यादी सुमारे २,३०० नेहमीच्या शब्दांचीच होती. नुसता एस लावून केलेली अनेकवचनं त्यात जवळजवळ नव्हतीच. म्हणून उत्तर म्हणून 'बुक्स' वगैरेच्या मागे लागू नका. अंदाज म्हणून मात्र असे शब्द फार कामाला येतात. कसे, ते बघा.

पहिला अंदाज क्रेन. पाचही घरं करडी. वाईट वाटून घेऊ नका, पाच मोठी अक्षरं एका झटक्यात बाद झाली. दुसरा अंदाज पिथी, म्हणजे पी-आय-टी-एच-वाय. दुसऱ्या घरातला आय हिरवा, चौथ्यातला एच हिरवा, टी पिवळा, बाकी दोन करडे. टी तिसऱ्यात नाही, दुसरं-चौथं भरलेलं. म्हणजे पहिलं किंवा पाचवं. पाचव्यात ठेवलं की शेवट एच-टी, त्याच्या आधी एक घर सोडून आय. मधलं घर जीचंच. आय-जी-एच-टी मिळालं!

इथे नवा माणूस खूश होऊन फाइट टाकतो. चुकलं. लाइट. चुकलं. माइट. आता घाम फुटतो. नाइट, राइट, एट हे आधीच बाद आहेत, कारण एन, आर, ई क्रेनमध्येच गेले. तरी नेहमीच्या वापरातले पाच शब्द उरतात: फाइट, लाइट, माइट, दृष्टीवाला साइट आणि टाइट. हातात संधी चार. एकेक टाकत गेलात तर हरूही शकता.

त्याऐवजी तिसरा अंदाज टाका फिल्म्स: एफ-आय-एल-एम-एस. हा उत्तर असूच शकत नाही, हे माहीत असून टाकायचा. एफ हिरवा आला तर फाइट. एल पिवळा तर लाइट, एम पिवळा तर माइट, एस पिवळा तर साइट. चारही करडे तर टाइट. चौथ्या डावात खेळ खल्लास. एक डाव मुद्दाम वाया घालवून तीन वाचवणं नव्या माणसाच्या जिवावर येतं, पण हीच खरी चाल. हार्ड मोड चालू असेल तर मात्र ही सोय नाही, कारण तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या अंदाजात वापरावीच लागतात. म्हणून सुरुवातीला हार्ड मोड बंद ठेवा.

दुहेरी अक्षराचा नियमही समजून घ्या, त्यावरून आमच्या घरात वाद झालेत. उत्तर वर्ल्ड आहे आणि तुम्ही लामा टाकलात, म्हणजे एल-एल-ए-एम-ए. पहिला एल पिवळा येईल, दुसरा करडा. म्हणजे एल आहे, पण एकच. करडा बघून एल बाद करू नका.

सगळे स्वर करडे झाले तर घाबरू नका. वाय आहे ना. क्रिप्ट, निम्फ, लिम्फ, ट्रिस्ट, जिप्सी, पिग्मी हे सगळे पाच अक्षरी, आणि यांत ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही नाही. सहा अक्षरांत रिदम.

स्क्रॅबल: सात ठोकळ्यांची मोडणी

इथे ठोकळे आले तसे ओळीत ठेवले तर डोळा तोच क्रम वाचत राहतो. दर मिनिटाला हलवा. कागदावर करत असाल तर अक्षरं गोलात लिहा. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे डोळा कुठूनही सुरू करतो.

मग शेपट्या बाजूला काढा. समजा आले ए, ई, आय, एन, आर, एस, टी. एस बाजूला ठेवा. उरलेल्या सहांत रिटेन दिसतो, रेटिनाही दिसतो. एस परत लावा: रिटेन्स, रेटिनाज. आता ई-आर बाजूला काढा, उरलं एस-टी-ए-आय-एन, म्हणजे स्टेन. जोडा: स्टेनर. आता आय-ई-आर बाजूला: उरले एन, ए, एस, टी. नॅस्टीचा वाय काढून आयईआर लावला की नॅस्टिअर. एकाच हातातून चार शब्द, प्रत्येकी सातही ठोकळे संपवणारे, आणि सात ठोकळे एकदम लावले की वर ५० गुण जास्त.

अर्थ माहीत नसला तरी चालतो का? न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी पाठ केली, बस्स. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यानं तेच केलं. आपल्याला तेवढं नको, पण दोन अक्षरी शब्दांची यादी पाठ कराच. कॉलिन्सच्या, म्हणजे स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या यादीत ते सव्वाशेच्या आसपास आहेत, पाढ्यांपेक्षा सोपे.

क्यू आला आणि यू नाही, तर रडू नका. जीवनशक्ती या अर्थाचा चिनी ची तिथे क्यू-आय असा लिहितात, दोनच अक्षरं. आणि मराठी घरातल्या कानाला ओळखीचे असे चार पाच-अक्षरी शब्द लक्षात ठेवा, ज्यात क्यू आहे पण त्यामागे यू नाही: फकीर, बुरखा, तलाक, नकाब. इंग्रजीत त्यांची स्पेलिंगं एफ-ए-क्यू-आय-आर, बी-यू-आर-क्यू-ए, टी-ए-एल-ए-क्यू आणि एन-आय-क्यू-ए-बी. बुरख्यात यू आहे, पण क्यूच्या मागे नाही.

याद्यांचं एक भांडण असतं. अमेरिका-कॅनडात वेगळी यादी, बाकी बहुतेक जगात कॉलिन्स, आणि भारतातल्या स्पर्धाही कॉलिन्सवर चालतात. घरी खेळताना कुठली यादी धरायची हे डाव मांडण्याआधी ठरवा, नंतर नाही. आमच्याकडे हा धडा एका दिवाळीत मिळाला, तपशील नको.

शोधायला मदत हवी असेल तर

वनलूक हा ऑनलाइन शब्दकोश अशा शोधासाठी सरळ वापरता येतो. न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकायचं. दोन प्रश्नचिन्हं, मग क्यू, मग पुन्हा दोन प्रश्नचिन्हं असं लिहिलं की मध्ये क्यू असलेले पाच अक्षरी शब्द येतात. कितीही अक्षरं चालणार असतील तर तिथे तारा, म्हणजे * ही खूण.

एक्सेलमध्ये शब्दांची यादी एका कॉलममध्ये चिकटवलीत तर कस्टम फिल्टरमध्ये 'इक्वल्स' निवडून पाच प्रश्नचिन्हं टाका, नेमके पाच अक्षरी शब्द उरतात. तिथे अक्षरांच्या जागा भरून शोध आणखी घट्ट करता येतो.

मॅक वापरत असाल तर वर्ड्स नावाची २ लाख ३५ हजारांच्या आसपास शब्दांची फाइल आधीच मशिनमध्ये असते. टर्मिनलवर ग्रेप ही आज्ञा देऊन तिच्यात शोधता येतं. तिथे प्रश्नचिन्हाऐवजी टिंब चालतं, सुरुवातीला कॅरेटची (^) खूण आणि शेवटी डॉलरची खूण लावली की लांबी पक्की होते. पण सावध. ती यादी १९३४ च्या वेबस्टर शब्दकोशावरून आलेली आहे. आजोबांच्या काळातले शब्द ढिगानं, आणि साधी अनेकवचनं मात्र गायब.

रोजचं वर्डल या साधनांनी सोडवू नका एवढंच सांगेन. कोडं सुटल्यावर, आपल्याला न सुचलेले शब्द कोणते होते हे बघायला वापरा.

आत्या आता पेपरातलं इंग्रजी कोडंही करते. परवा आठ घरं अडली होती. दुसरं ओ, पाचवं-सहावं ओ, शेवटचं ई. सूचना: लहान मांसाहारी प्राणी. मी शेजारीच बसलो होतो, पण तिनं हातानंच गप्प बसायची खूण केली. ओ-ओ, एक रिकामं, मग ई. तिथे एस लावला. मग मागे गेली, "लूज, नूज, मूस... गूस." चौथ्या घरात जी बसला. समोर तीन घरं उरली, मधल्यात ओ.

"काहीतरी गूस," ती पुटपुटली. "मों... मं..." आणि एकदम पेन आपटून म्हणाली, "अरे, हे तर आपलं मुंगूस!"

शब्दकोश काढून दाखवला. मंगूस हा शब्द इंग्रजीत मराठीतूनच गेलाय, असं त्यात छापलं होतं. तिनं चष्मा वर सरकवून ती ओळ दोनदा वाचली आणि मग आठही घरं भरली, पेनानं.